मांजर क्रमांक एकशे बेचाळीस

खडू मांजरीचा डावा डोळा निळा आहे, उजवा मधाच्या रंगाचा.

*

बोंबील वाळत घालताना दोघांची तोंडं एकमेकांत अडकवतात. जबड्यात जबडा, आणि मधून दोरी. गाठ लागत नाही, खिळा लागत नाही. बांबूंच्या उंच मांडवावर, म्हणजे वलांडीवर, असे हजारो बोंबील जोडीजोडीनं लोंबत राहतात.

*

"ढेकणांना चालेल?"

"ढेकूण काय, ढेकणाचा आजा मरेल," तालुक्याच्या बाजारातला दुकानदार म्हणाला आणि त्यानं बाटली कागदात गुंडाळली. बाटलीवर पिवळा त्रिकोण होता.

*

माणसाच्या डोळ्याची बाहुली पूर्ण उघडली तर तिचं क्षेत्रफळ मिटलेल्या बाहुलीच्या साधारण पंधरापट होतं. मांजराचं एकशे पस्तीसपट.

*

सुरूबंदरच्या एकेचाळीस बायका दर नारळी पुनवेला गुडघाभर पाण्यात उभ्या राहून म्हणतात, "दर्याची आण, मासळीला विष लावणार नाय."

*

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, तीन वाजता, लख्ख उन्हात, कुंदाबायनं ओसरीवरचा दिवा लावला.

*

दिव्याचं मनालीला तेव्हा काही वाटलं नाही. सासूबाई साठीला टेकल्या होत्या, मोतीबिंदू असेल, होळी झाली की डॉक्टरकडे नेऊ, एवढंच मनात आलं आणि ती पुन्हा फोनकडे वळली. फोनवर जे आलं होतं ते जास्त तातडीचं होतं.

मनाली मेहेर सुरूबंदरची मांजर-निरीक्षक होती. २०४१ साली या पदाला कुणी हसत नसे. पहिल्या वर्षी मात्र अख्खं बंदर हसलं होतं. तिचा नवरा हर्षल मालवाहू जहाजावर असे, वर्षातले आठ महिने समुद्रात, त्यानं तिथून निरोप पाठवला होता, "माझी बायको मांजरांची मामलेदार झाली."

झालं होतं असं. सुक्या मासळीवर माश्या बसतात, अळ्या पडतात. पूर्वी उत्तरेचा वारा होळीपर्यंत टिकायचा, तोच माश्या उडवून लावायचा. आता जानेवारी सरता सरता वारा पडतो आणि हवा दमट होते. मग किनाऱ्यावर कुठे कुठे लोक मासळीवर कीटकनाशक फवारू लागले. मासळी दिसायला झकास, खाणाऱ्याच्या पोटात मात्र रोज थोडं थोडं विष. प्रयोगशाळेत तपासायचं तर शंभर टोपल्यांतली एखादी तपासली जाणार. तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की सगळ्या टोपल्या रोज तपासणारा प्राणी बंदरावर आधीच हजर आहे. मांजर प्रत्येक वलांडीखालून फिरतं, खाली पडलेलं खातं आणि अंगाला लागलेलं चाटून काढतं.

आणि मांजराचा डोळा लपवाछपवी करत नाही.

बाहुली आवळणाऱ्या स्नायूला मेंदूकडून निरोप जातो तो एका रसायनाच्या रूपात. निरोप पोचला की ते रसायन झाडून टाकायला शरीरात एक झाडूवाला असतो, एक विकर. ही कीटकनाशकं त्या झाडूवाल्यालाच जायबंदी करतात. रसायन साचून राहतं, स्नायूला वाटतं निरोप अजून येतोच आहे, आणि अंधार पडला तरी बाहुली आवळलेलीच राहते. माणसाच्या काळ्याभोर डोळ्यात हे चटकन दिसत नाही. मांजराची बाहुली मात्र रेघेपासून पूर्ण चंद्रापर्यंत जाते. ती रेघच राहिली, तर काहीतरी बिघडलंय हे आंधळ्यालाही कळावं.

म्हणून डोळेपेटी. काळ्या रंगाचा, पातेल्याएवढा डबा, आत मासळीचं डोकं. मांजर तोंड घालतं, आत अंधार होतो, आणि माणसाला न दिसणाऱ्या उजेडात कॅमेरा बाहुली मोजतो. निरोगी मांजराची बाहुली अंधारात सत्तर टक्क्यांच्या वर उघडते. बंदरावरची सगळी मांजरं तशी उघडत असली, की टोपल्यांवर मांजराच्या डोळ्याचा छाप बसतो आणि माल शहरात जातो. छाप नसेल तर टोपली कोणी दारात उभी करत नाही.

तेव्हापासून सुरूबंदरात मांजरांना वल्हं फेकून मारणं बंद झालं. बायका त्यांना मांदेली घालू लागल्या, भांडणात "तुझ्या मांजराचे डोळे बघ आधी" असं म्हणू लागल्या. शेजारच्या बंदरातल्या एका शहाण्यानं बाहुल्या मोठ्या करायचे थेंब आणून आपल्या बोक्याच्या डोळ्यांत घातले. बोका उन्हात बसला तरी बाहुल्या ताटलीएवढ्या. पेटी उजेड टाकूनही बाहुली मोजते, तिनं तेही पकडलं.

*

सकाळी ६:१०. डोळेपेटी ३, मेहेर वलांडी.
मांजर क्र. ८८ (खडू). उजवी बाहुली अंधारात: ११ टक्के. डावी: अवाच्य.
सलग दुसरा दिवस. निरीक्षकाने सूर्यास्तापूर्वी निर्णय नोंदवावा.
[ मान्य ]  [ यंत्राची चूक. कारण लिहा ]

*

'मान्य' म्हणजे पेटीभोवती ऐंशी मीटरच्या आतल्या सगळ्या मालाला सील. त्या वर्तुळात सात वलांड्या होत्या. तपासणीला अठरा-वीस दिवस. तेवढ्यात बोंबील दमट हवेनं मऊ पडणार आणि हंगाम संपणार. मेहेरांची वलांडी वर्तुळाच्या मधोमध.

नलिनीकाकी वैती कुंपणापलीकडून सगळं बघत होती. ती शेजारीण, सुकी मासळी संघाची अध्यक्ष आणि कुंदाबायची बालमैत्रीण.

"काय म्हनतंय गो तुझं यंत्र?"

"खडूची बाहुली उघडत नाय, काकी."

"अगो, तुझी खडू म्हंजे एक डोळा दर्याचा, एक डोळा मधाचा. यंत्र बिचारं गोंधळनार नाय तर काय? लिव, निळा डोळा. संपलं."

हे कारण चाललं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. डोळ्याचा रंग एका रंगद्रव्यावर ठरतो. खडूच्या डाव्या डोळ्यात ते उतरलंच नव्हतं. पिवळ्या डोळ्यामागे हिरवट आरसा असतो, त्यामुळे अंधारात मांजराचे डोळे चमकतात. निळ्या डोळ्यामागे बहुधा तो आरसा नसतो, तिथून उजेड तांबडा परततो. पेटीला हिरवा उजेड ओळखायला शिकवलेलं. तांबडा दिसला की ती 'अवाच्य' म्हणून मोकळी होते. तो आजार नव्हे, घडण. वर्षभरात मनालीनं खडूसाठी हे कारण नऊ वेळा लिहिलं होतं आणि तालुक्यानं नऊही वेळा मानलं होतं.

"पन काकी, अकरा टक्के आलेत ते पिवळ्या डोळ्याचे."

नलिनीकाकी कुंपणाला टेकली. मग हळू म्हणाली, "परवा टेम्पो येतोय, पोरी. सात घरं हायत."

*

"मनालीताई, लाळ गळतेय का?" तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून डॉ. इरावती साने फोनवर विचारत होत्या.

"थोडी. हनुवटी ओली दिसते."

"तिला आणि दुसऱ्या एखाद्या मांजराला अंधारात पाच मिनिटं ठेवा. मग दार किंचित उघडून बघा. यंत्राला विसरा, तुमचे डोळे वापरा."

मनालीनं खडूला आणि नलिनीकाकीच्या पिवळ्या बोक्याला मोरीत कोंडलं. बोक्यानं आकांत मांडला. खडू शांत बसून राहिली. निळ्या डोळ्याकडच्या कानानं तिला तसंही ऐकू कमी येई. पाच मिनिटांनी फट पाडली तेव्हा बोक्याचे डोळे काळ्या द्राक्षांसारखे झाले होते. खडूच्या दोन्ही डोळ्यांत, निळ्यातही आणि पिवळ्यातही, फक्त एक उभी रेघ. सुईनं ओढल्यासारखी.

यंत्र चुकलं नव्हतं.

ती मोरीचं दार पुढे करून ओसरीवर आली. चार वाजले होते. कुंदाबाय दोरीचं वेटोळं मांडीवर घेऊन उकलत बसली होती. डोक्यावर दिवा जळत होता आणि समोर अंगणभर ऊन सांडलं होतं.

"दिवा कशाला, आये?"

"मळभ आलंय ना गो."

मनालीनं आभाळाकडे पाहिलं. आभाळ धुतलेल्या परातीसारखं होतं.

"कधीपासून मळभ आहे?"

"झाले की आठ-धा दिस. आवंदा हवाच वायट." कुंदाबायनं पदरानं कपाळ पुसलं. वारा होता, तरी तिला घाम फुटला होता.

कुंदाबायला सारं बंदर 'घारी कुंदा' म्हणून ओळखे. तिचे डोळे घारे होते, गढूळ काचेसारखे, हर्षलनं तेच घेतले होते. मनाली तिच्यासमोर उकिडवी बसली. इतक्या जवळून सासूच्या डोळ्यांत तिनं लग्नानंतर एकदाच पाहिलं असेल. घाऱ्या रंगाच्या मधोमध बाहुली होती, टाचणीच्या टोकाएवढी.

"काय बघतेस येवढी? मोतीबिंदू दिसतोय का?"

मनाली उठली, वलांडीच्या खांबाची पेटी सोडून आणली, आतलं मासळीचं डोकं काढून टाकलं आणि पेटी कुंदाबायच्या मांडीवर ठेवली.

"तोंड घाला."

"मी काय मांजर हाय?"

"घाला ना, आये."

"आतून वास मारतोय मेला."

"तुम्हाला मासळीचा वास कधीपासून यायला लागला?"

कुंदाबाय हसली. हसता हसताच तिनं पेटीत तोंड घातलं, आतून आवाज घुमला, "म्याव म्हनू का?" मनालीलाही हसू फुटलं. मग फोन थरथरला.

दुपारी ४:१९. डोळेपेटी ३.
मांजर ओळखता आली नाही. नवीन नोंद: मांजर क्र. १४२. रंग: घारा.
उजवी बाहुली अंधारात: ६ टक्के. डावी: ६ टक्के.

*

"काय आलं?" पेटीबाहेर येत कुंदाबायनं विचारलं.

"ती दोरी खाली ठेवा."

"का?"

"ठेवा आधी खाली."

आवाजात काही असावं. कुंदाबायनं वेटोळं जमिनीवर ठेवलं. खडू एरवी या वेळी त्याच वेटोळ्यात येऊन निजायची.

"आये, वलांडीवर काय टाकलंत?"

"मासळीवर थेंब नाय टाकला मी." कुंदाबायचा सूर एकदम चढला. "दर्यात उभी राहून आण घेतली हाय. एकेचाळीस बायांत माझा आवाज मोठा होता, विचार कुनालाबी."

"मासळीवर नाय. मग कशावर?"

कुंदाबायनं आपल्या तळव्यांकडे पाहिलं.

"दोऱ्या भिजवल्या," ती म्हणाली. "संक्रांतीनंतर. बादलीभर पान्यात दोन बुचं. दोऱ्या सुकवल्या, मंग टांगल्या. बोंबलाला कुठं लागतंय? माशी दोरीवर बसते, दोरीवरच मरते. गेल्या साली तीन वलांड्या अळ्यांनी गेल्या, आपल्या हातानं दर्यात लोटल्या मी. ते परत नाय बघवनार मला."

"पन बोंबील दोरीलाच तर तोंडानं धरून असतात, आये."

कुंदाबायनं वेटोळ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं तिनं बोंबलाच्या जबड्यात जबडा अडकवला होता. आणेमध्ये मासळी होती, म्हणून तिनं मासळी सांभाळली. दोरी आणेत नव्हती. लबाडी करायची असती तर सरळ फवारलं असतं. तिनं शब्द पाळला होता, शब्दाच्या कडेकडेनं चालून.

"बाटली कुठाय?"

"मोरीच्या माळ्यावर. घरातच होती."

मनालीनं साबण आणला. कुंदाबायचे हात कोपरापर्यंत धुतले, मग तिला न्हायला घातलं, लुगडं बदलायला लावलं. हा त्वचेतून आत जाणारा पदार्थ होता. रोज सहा तास ती त्या दोऱ्या उघड्या हातांनी हाताळत होती. मळभ आभाळात नव्हतंच. बाहुल्या मिटल्यामुळे उजेड आत शिरत नव्हता.

"आता ऐक," न्हाऊन आल्यावर कुंदाबाय म्हणाली. तिच्यात परत जोर आला होता. "मी दवाखान्यात येते. आपला माल मी रातोरात उतरवते, पुरते वाळूत. पन तू त्या फोनवर चूक म्हून लिव. निळा डोळा लिव. लोकांची घरं नको बुडवू माझ्यापायी."

"आपल्याच दोऱ्या आहेत ना फक्त?"

कुंदाबायनं कुंपणाकडे पाहिलं.

"आये?"

"चार घरांना दिल्यात. नव्या दोऱ्या जास्त होत्या. नलीला पन दिल्या."

सुरूबंदरात दोरी उसनी देतात आणि हंगाम संपेपर्यंत परत मागत नाहीत. मध्येच दोरी मागितली म्हणजे त्या घराशी बोलणं तोडलं, असाच त्याचा अर्थ. कुणी कुणाला हे शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असतं. मनाली लग्न होऊन आली त्या वर्षी एका घरानं दुसऱ्याकडून दोरी परत मागितली होती. ती दोन घरं अजून एका मांडवात जेवत नव्हती.

ऊन वलांडीच्या तिसऱ्या बांबूवर आलं. सूर्यास्ताला दोन तास उरले होते. मनालीनं फोन हातात घेतला. कारणाच्या चौकटीत 'निळा डोळा' हे दोन शब्द यंत्रानं स्वतःच सुचवले. नऊ वेळा लिहिलेलं त्याला पाठ होतं.

त्या चार घरांत किती हात त्या दोऱ्या हाताळत होते? नलिनीकाकीची नात दोन वर्षांची, वलांडीखाली खेळायची, हाताला लागेल ते तोंडात घालायची. तिचे डोळे काळेभोर होते. तिच्या बाहुल्या कुणाला दिसणार होत्या?

"आये," मनाली म्हणाली, "काकीच्या छकुलीला पेटीत तोंड घालायला लावू का?"

कुंदाबायनं तिच्याकडे पाहिलं. टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्यांतून तिला सून किती दिसत होती कोण जाणे. मग ती उठली. पदर खोचला.

"नको," ती म्हणाली. "तू तुझं बटन दाब. दोऱ्या माझ्या हायत, मी मागून आनते."

"हातमोजे घाला."

"दे."

मनालीनं 'मान्य' दाबलं. साधा आवाज आला, टिचकी मारल्यासारखा. तोवर कुंदाबाय कुंपणाशी पोचली होती, हातात पिवळे रबरी हातमोजे.

"नली," तिनं हाक मारली, "माझ्या दोऱ्या दे."

पलीकडे बोंबील उलटवणारे हात थांबले.

"काय म्हनालीस?"

"ऐकलंस ते. दोऱ्या दे माझ्या. पन हात नको लावू, मीच सोडते. पोरीला आत ने आधी."

*

रक्ततपासणीत कुंदाबायच्या शरीरातला झाडूवाला अर्ध्याहून जास्त निकामी झालेला निघाला. तालुक्याच्या रुग्णालयात ती सहा दिवस होती. छकुलीलाही नेलं, तिच्या रक्तात त्या विकराचं प्रमाण जरा खाली होतं, पण वेळेत आली, असं डॉक्टर म्हणाले. खडूला डॉ. साने यांनी नेलं आणि मिशा कापून परत पाठवलं. मिशांवर लाळ सुकून गुठळ्या झाल्या होत्या.

अठराव्या दिवशी निकाल आले. सातांपैकी दोन वलांड्या स्वच्छ. मेहेरांची आणि दोऱ्या घेतलेली चार घरं मिळून पाचांचा माल खड्ड्यात गेला. नलिनीकाकीनं संघाच्या बैठकीत पंचनामा वाचून दाखवला, एकही शब्द न गाळता, आणि त्यानंतर कुंपणापलीकडून बोलणं बंद केलं. कुंदाबायनं संघाकडे जाऊन आणेत 'मासळीला आणि मासळीला लागेल त्या कशालाही' एवढे शब्द वाढवून घेतले. स्वतःच्या हातानं लिहिले. अक्षर मोठं आणि वाकडं होतं.

एका सकाळी ती ओसरीवर आली आणि डोळ्यांवर हात धरून उभी राहिली.

"बाय गो, केवढं हे ऊन!"

मनालीनं जवळ जाऊन पाहिलं. घाऱ्या रंगात काळा मणी दिसत होता. चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा.

जूनमध्ये तालुक्यातून एक पत्र आलं. मांजर क्र. १४२, रंग घारा, हिचं वार्षिक लसीकरण राहिलं असून मालकानं तिला टोपलीत घालून शुक्रवारी हजर करावं. कुंदाबायनं ते देव्हाऱ्याशेजारी खोचून ठेवलं. हर्षल फोनवर इतका हसला, की जहाजावरच्या दुसऱ्या कुणीतरी मागून विचारलं, काय झालं.

नोव्हेंबरात वलांड्या पुन्हा उभ्या राहिल्या. मेहेरांच्या दोऱ्या नव्या होत्या, गवती वासाच्या. पहिले बोंबील टांगून झाले त्या दिवशी कुंपणापलीकडे बराच वेळ नुसतीच बांबूंची खुडबूड ऐकू येत होती.

मग नलिनीकाकीचा आवाज आला, इकडे न बघता, जणू बांबूलाच विचारल्यासारखा.

"एक दोरी कमी पडतेय. हाय का कुनाकडं जादा?"

कुंदाबायनं हातातलं वेटोळं आधी नाकाला लावलं, मग कुंपणावरून पलीकडे टाकलं. खडू त्याच्यामागे उडी मारून गेली.

*

पंचनाम्याच्या फॉर्मवर अकरावा प्रश्न होता: 'औषध घरात कोणी आणले?' त्यापुढे कुंदाबायनं लिहिलं होतं, 'मीच.'

पिवळ्या त्रिकोणाची ती बाटली मनालीनं आणली होती, आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये, ढेकणांसाठी.